करवतीमागची पाचर

वाचकाचे पत्र, थोडक्यात: नाशिक जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाहून एका वाचकाने लिहिले आहे. वय ३१, घरात सुतारकाम तीन पिढ्यांचे. वडिलांनी ४० वर्षे हातकरवत आणि रंध्यावर संसार चालवला. मुलाने तीन वर्षांपूर्वी कर्ज काढून १० इंची टेबल सॉ, म्हणजे टेबलाच्या फटीतून वर येणारी विजेची गोल करवत, घेतला आणि आता सागवानी चौकटी, दरवाजे व स्वयंपाकघरातील फर्निचर अशी कामे चार माणसांत चालतात. गेल्या महिन्यात, दोन वर्षांपासून कामावर असलेला हेल्पर मुलगा सागवानाच्या फळीतून २ इंची पट्टी काढत होता. पत्रातील शब्द असे: ‘काप पूर्ण झाला होता, त्याने हात काढून घेतला, आणि पट्टी उलटी येऊन त्याच्या पोटात बसली.’ बराच वेळ मुलाला श्वास घेता येईना. वडील म्हणाले, ‘हात सैल सोडला म्हणून झाले. मशीनला घाबरले की मशीन मारते.’ दुसऱ्या दिवशी मुलाची आई वर्कशॉपच्या दारात येऊन काही न बोलता उभी राहिली, ते दृश्य वाचकाच्या मनातून जात नाही. यंत्रासोबत आलेले ब्लेडवरचे झाकण आणि ब्लेडमागचे पाते हे दोन्ही, खाच मारताना आड येतात म्हणून, वडिलांनी पहिल्याच आठवड्यात काढले होते आणि ते अजून खोक्यात पडून आहेत. वाचक विचारतात: या मुलाला मशीनवरून कायमचे दूर करावे का? की हे यंत्र विकून, बोट लागताच थांबणारे परदेशी यंत्र पुन्हा कर्ज काढून घ्यावे? की अनुभव वाढला की हे प्रकार आपोआप थांबतात? आणि वडिलांना हे सांगायचे कसे?

सप्रेम नमस्कार.

उत्तराकडे वळण्याआधी दोन गोष्टी विचारतो, कारण पत्रात त्या नाहीत. त्या मुलाला डॉक्टरांना दाखवले का? पोटावर बसलेला मार वरून दिसत नाही, आणि प्लीहेला किंवा यकृताला झालेली इजा काही वेळा काही दिवसांनीही डोके वर काढते. एक महिना उलटला असला तरी त्याला दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा जेवण जात नसेल, तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि त्याला आधी रुग्णालयात न्या. त्याचा खर्च त्याच्या पगारातून कापू नका. दुसरे म्हणजे, तुम्ही त्याला ‘मुलगा’ म्हणता, पण वय लिहीत नाही. त्याला १८ पूर्ण नसतील, तर पुढे मी जे काही लिहिणार आहे ते त्याच्यासाठी नाही. त्याने या यंत्रापाशी फळी धरायलाही उभे राहू नये.

आता तुमच्या पत्रातल्या एका वाक्याकडे येतो. ‘काप पूर्ण झाला होता, त्याने हात काढून घेतला.’ संपूर्ण पत्रात हे वाक्य सर्वांत मोलाचे आहे, आणि तुम्ही ते ओघात लिहून पुढे निघून गेला आहात. काप पूर्ण झाला होता, असे तुम्ही म्हणता; परंतु पूर्ण झाला होता तो ब्लेडच्या पुढच्या अर्ध्या भागाचा काप. पट्टीचे मागचे टोक पुढच्या दातांमधून सुटले, की मुलाच्या दृष्टीने काम संपले. ब्लेडच्या मागच्या अर्ध्या भागाशी मात्र पट्टीचा संबंध तेव्हा संपलेला नव्हता, आणि सारा घोटाळा त्या मागच्या अर्ध्यात आहे.

ब्लेडकडे बाजूने पाहा, अर्थात यंत्र बंद करून आणि प्लग काढून. तुमच्या बाजूचे दात वरून खाली उतरतात. ते लाकूड टेबलावर दाबतात आणि थोडेसे तुमच्याकडे ढकलतात, आणि तो रेटा तुमचा हात सहज पेलतो. मागच्या बाजूचे दात मात्र टेबलाखालून वर येतात आणि माथ्यावरून तुमच्याच दिशेने वळतात. लाकडाची कड त्या मागच्या दातांना नुसती टेकली, तरी ते दात तिला आधी उचलतात आणि मग फेकतात. फेकण्याचा वेग किती, याचा हिशेब कागदावर करता येतो. १० इंची ब्लेड मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर दाताचे टोक सेकंदाला सुमारे ५३ मीटर, म्हणजे ताशी १९० किलोमीटरच्या आसपास धावते. आपल्या हाताला काही जाणवून तो हलेपर्यंत साधारण एकपंचमांश सेकंद जातो. तेवढ्या वेळात ते ब्लेड १३ फेरे पुरे करते, आणि ब्लेड ४० दातांचे असेल तर ५०० हून अधिक दात त्या जागेवरून निघून गेलेले असतात.

म्हणून ‘हात सैल सोडला म्हणून झाले’ हे वडिलांचे म्हणणे अर्धे खरे आहे. हात लवकर सुटला, हे खरे. पट्टी ब्लेडच्या पूर्ण पलीकडे जाईपर्यंत ती ढकलतच राहायला हवी होती. पण हात घट्ट असता तर पट्टी थांबली असती, हे खरे नाही. मागच्या दातांनी पकडलेली फळी कोणत्याही मनगटाला आवरत नाही. उलट घट्ट धरलेला हात फळीबरोबर ओढला जातो आणि ब्लेडवर येतो. बोटे जाण्याचे अनेक अपघात ‘हात ब्लेडमध्ये घातला’ असे सांगितले जातात, प्रत्यक्षात त्यांतल्या पुष्कळांत हात घातलेला नसतो, तो नेला गेलेला असतो. तुमच्या हेल्परचा हात त्या क्षणी सुटलेला होता, यात मला थोडे नशीबही दिसते.

ताकद आणि धाडस यांच्या भाषेत आपण या अपघाताकडे पाहतो, ही पहिली चूक. तुमचे वडील हातकरवतीच्या काळातले आहेत, आणि हातकरवतीत ती भाषा बरोबरच होती. तिथे यंत्र म्हणजे स्वतःचाच दंड, आणि करवत अडली की माणूस थांबतो. टेबल सॉवर अडले की माणूस थांबतो, ब्लेड थांबत नाही.

मग पट्टी मागच्या दातांना टेकते कशामुळे? तीन मार्ग मुख्य आहेत आणि तुमच्याकडे बहुधा दुसरा किंवा तिसरा घडला असावा. पहिला मार्ग असा, की काप पडत असतानाच फळी मागे मिटते आणि ब्लेडला चिमटीत धरते. सागाची फळी नीट वाळलेली नसली, किंवा गाठीजवळची, बाक आलेली असली, की तिच्या पोटात ताण साठलेला असतो. करवतीने तिला मोकळे केले की तो ताण सुटतो आणि दोन्ही भाग आपापल्या मर्जीने वाकतात. ते एकमेकांकडे वाकले तर चिमटा बसतो. दुसरा मार्ग याच्या उलट आहे. दोन्ही भाग एकमेकांपासून फाकतात, आणि आपल्याला वाटते की बरे झाले, खाच मोकळी राहिली. परंतु फेन्सच्या, म्हणजे जिला टेकवून आपण फळी पुढे सरकवतो त्या गाइडपट्टीच्या बाजूचा अरुंद तुकडा बाहेर फाकायला गेला की गाइडपट्टी त्याला जागा देत नाही, आणि तो परत आत, ब्लेडच्या मागच्या दातांवर दाबला जातो. २ इंची सागवानी पट्टीचे असे होणे अगदी स्वाभाविक आहे. तिसरा मार्ग म्हणजे फळीचे मागचे टोक गाइडपट्टीपासून केसभर सुटणे. मग तिचा कोपरा मागच्या दातांवर चढतो, फळी जागच्या जागी गरकन फिरते आणि तिरकी उडते. प्लायचे जवळपास चौकोनी तुकडे कापताना हे फार होते, कारण गाइडपट्टीला टेकायला त्यांना पुरेशी लांबीच नसते.

या तिन्ही मार्गांच्या तोंडाशी उभे राहणारे एक साधे पोलादी पाते आहे, आणि ते तुमच्या खोक्यात आहे. त्याला रिव्हिंग नाइफ म्हणतात. माझ्या मते त्याचे मराठी नाव आपल्याकडे केव्हाचेच आहे: ती पाचर आहे. लहानपणी ऐकलेली माकडाची गोष्ट आठवा. सुतार अर्धवट चिरलेल्या ओंडक्यात पाचर ठोकून जेवायला जातात, माकड ती पाचर उपसते, आणि फट मिटून त्यात सापडते. आपण ती गोष्ट नसती उठाठेव करू नये म्हणून सांगतो. सुताराच्या अंगाने पाहिली तर ती चिरलेले लाकूड मिटते याची गोष्ट आहे. ‘पाचर मारणे’ याला आपल्या बोलण्यात वाईट अर्थ चिकटला, हा त्या बिचारीवर अन्यायच म्हणायचा.

पाते काय करते, ते पाहा. ते ब्लेडच्या लगेच मागे, त्याच रेषेत उभे असते, आणि ब्लेड वर-खाली केले की त्याच्याबरोबर वर-खाली होते. कापलेली खाच त्याच्यावरून सरकत जाते, त्यामुळे फळी मिटू लागली तरी मिटते ती पात्यावर, ब्लेडवर नाही. फळीचा कोपरा सुटून आत वळू लागला तरी त्याला आधी पाते लागते. वर चढणाऱ्या दातांपर्यंत तो पोहोचतच नाही. ते बसवताना दोन-तीन मापे डोळ्यांत तेल घालून पाहावी लागतात. पाते आणि ब्लेडचे दात यांत साधारण ३ ते ८ मिलिमीटर अंतर असावे. पात्याचा माथा ब्लेडच्या माथ्याहून किंचित खाली असावा. आणि जाडी, जिथे बहुतेकांची चूक होते: पाते ब्लेडच्या पत्र्याहून जाड आणि दातांनी पडणाऱ्या खाचेहून पातळ असायला हवे. समजा, खाच ३.२ मिलिमीटर आणि पत्रा २.२ मिलिमीटर असेल, तर २.५ मिलिमीटरचे पाते चालेल. तीन वर्षांत तुम्ही बाजारातून दुसरी टीसीटी, म्हणजे दातांना टंगस्टन कार्बाइड लावलेली, ब्लेडे आणली असणारच. त्यांतले एखादे पातळ असेल तर मूळ पाते त्याच्या खाचेत अडकेल, आणि मग ‘हे पाते कामात अडथळा करते’ अशी तक्रार पुन्हा सुरू होईल. जाडी मोजायचा व्हर्नियर घेऊन आधी मोजा, आणि यापुढे ब्लेड आणायला जाताना पात्याची जाडी चिठ्ठीवर लिहून न्या.

खाच मारताना झाकण आणि पाते आड येतात, हा वडिलांचा आक्षेप मात्र अगदीच बिनबुडाचा नाही. ज्या कामात ब्लेड लाकडातून आरपार वर येत नाही, तिथे ब्लेडवरचे झाकण खरोखरच आड येते. पण माथा ब्लेडच्या खाली असलेले पाते आड येत नाही, ते खाचेतच बसते. कित्येक यंत्रांत पात्याला दोन जागा दिलेल्या असतात, वरची झाकण अडकवण्यासाठी आणि खालची अशा कामांसाठी. तुमच्या यंत्राचे पुस्तक खोक्यात असेल तर ते उघडून पाहा. म्हणजे वडिलांनी झाकण काढणे समजण्यासारखे होते. झाकणाबरोबर पाते गेले आणि खाच मारून झाल्यावर दोन्ही परत आले नाहीत, एवढेच बिघडले. आपल्याकडे कारखान्यांसाठी केलेल्या नियमांतही लाकूड कापणाऱ्या गोल करवतीमागे असे पाते असावे, असे सांगितलेले आहे. चार माणसांच्या वर्कशॉपला ते नियम लागू पडत असोत वा नसोत, लाकडाला माणसे मोजता येत नाहीत.

आता परदेशी यंत्राविषयी. तुम्ही ज्या प्रकारच्या यंत्राची चित्रफीत पाहिली असेल, त्याची कल्पना स्टीफन गॅस या अमेरिकी गृहस्थांची, १९९९ मधली. पुढे ते यंत्र सॉस्टॉप या नावाने बाजारात आले. ब्लेडवर एक बारीक विद्युत संकेत सोडलेला असतो. माणसाची त्वचा लागली की तो बदलतो, आणि सुमारे ५ मिलिसेकंदांत ॲल्युमिनियमचा एक ठोकळा ब्लेडमध्ये घुसून ते थांबवतो. ब्लेड आणि तो ठोकळा दोन्ही बदलावे लागतात, पण बोट वाचते. हा शोध मोठा आहे, यात शंका नाही. परंतु तुमच्या वर्कशॉपमध्ये जे घडले त्यात ब्लेडला कोणाचीही त्वचा लागली नव्हती. ब्लेडला फक्त लाकूड लागले, आणि लाकूड लागणे हेच तर त्याचे काम. ती पट्टी त्या महागड्या यंत्रावरूनही तितक्याच जोराने आली असती. म्हणून तर त्या यंत्रालाही रिव्हिंग नाइफ असतेच. पुढेमागे ऐपत झाली तर अवश्य घ्या, पण या अपघातावरचा इलाज म्हणून कर्ज काढू नका. खोक्यातली वस्तू बाहेर न काढता नवे यंत्र आणले, तर त्याचेही खोके भरेल.

मुलाला दूर करण्याचा तुमचा विचार मला माया म्हणून कळतो, उपाय म्हणून पटत नाही. त्याच्या जागी तुम्ही उभे राहाल, आणि पट्टी तुमच्या पोटात येईल. अनुभवाने हे थांबते का, याविषयी माझ्याच गाठीची गोष्ट सांगतो. मी या यंत्रावर १४ वर्षे काढली होती, शिकाऊ मुलांना शिकवतही होतो. एका संध्याकाळी, घाईत, एकच पट्टी राहिली होती म्हणून, आदल्या कामासाठी काढलेले पाते न लावता मी काप घेतला. आवाज झाला तो मागून. पट्टी माझ्या कुशीशेजारून जाऊन मागच्या ६ मिलिमीटर प्लायच्या आडभिंतीतून आरपार गेली होती, आणि अर्धी पलीकडे, अर्धी अलीकडे अशी थरथरत होती. मी नंतर मोजले: भोक जमिनीपासून ३६ इंचांवर, म्हणजे माझ्या बेंबीच्या चार बोटे खाली. मी वाचलो, कारण सवयीने जरा डावीकडे उभा होतो. अनुभवाने मला उभे राहण्याची जागा शिकवली होती हे खरे, पण ‘एकाच पट्टीने काय होते’ हे धाडसही त्याच अनुभवाने दिले होते.

उभे राहण्याची जागा म्हणजे ब्लेडच्या आणि गाइडपट्टीच्या मधल्या पट्ट्याच्या समोर कधीही नाही. फेकला जातो तो बहुतेक वेळा याच पट्ट्यातला तुकडा. गाइडपट्टी ब्लेडच्या उजवीकडे असेल तर शरीर ब्लेडच्या रेषेच्या डावीकडे ठेवावे. त्याच रेषेत मागे चहाचा पेला घेऊन उभा राहणाराही तितकाच धोक्यात असतो. म्हणून यंत्र चालू असताना त्या रेषेत कोणी थांबू नये, अशी खडूची रेघ फरशीवर मारून ठेवा. पलीकडून फळी धरणाऱ्याविषयी वेगळे लिहितो. आपल्याकडे हेल्पर समोर उभा राहून फळी ओढतो, आणि ओढताना नकळत ती वाकवतो, गाइडपट्टीपासून सोडवतो, म्हणजे तिसरा मार्ग आपल्याच हाताने उघडतो. ढकलणारा एकच असावा. पलीकडच्याने फक्त खालून आधार द्यावा. त्याहून उत्तम म्हणजे टेबलाच्याच उंचीचा एक ओटा मागे बांधून घ्यावा. १८ मिलिमीटरचा ८ बाय ४ प्लाय ३० किलोच्या आसपास भरतो, आणि लहान टेबलावरून तो लोंबू लागला की त्याला सरळ ठेवणे एकट्याच्या आवाक्याबाहेरचे असते.

गाइडपट्टी ब्लेडला समांतर आहे का, हे महिन्यातून एकदा तपासा. प्लग काढून ब्लेडच्या एका दातावर खूण करा, तो दात पुढे आणून गाइडपट्टीपासूनचे अंतर मोजा, मग तोच दात मागे फिरवून पुन्हा मोजा. मागचे अंतर पुढच्यापेक्षा कमी भरले, तर तुमचे यंत्र रोज प्रत्येक फळी चिमटीत धरते आहे असे समजा. केसभर जास्त चालेल, कमी मुळीच नाही. आणि सागवानासाठी एक जुनी युक्ती आहे, जी दुसऱ्या मार्गावरचा खरा उपाय आहे: गाइडपट्टीला आतून एक आखूड फळी चिकटवावी, जी ब्लेडच्या मध्याच्या आसपास संपते. म्हणजे काप पडल्यानंतर मोकळ्या झालेल्या पट्टीला बाहेर फाकायला जागा मिळते. प्लायला तिची गरज नाही, कारण प्लायच्या पोटात असा ताण फारसा नसतो. तिथे गाइडपट्टी लांबच बरी.

फळीची जी बाजू गाइडपट्टीला टेकणार ती सरळ आणि जी टेबलावर बसणार ती सपाट हवी. नसेल तर आधी रंधा, मग ब्लेड. ब्लेड बोथट झाले की आपण जोर वाढवतो आणि जोराबरोबर धोका वाढतो, म्हणून धार लावायला एक ब्लेड गेले तरी दुसरे हाताशी असावे. ब्लेडची उंची, दातांमधल्या खोबणी लाकडाच्या वर जेमतेम दिसतील एवढी पुरे. अरुंद पट्टी हाताने ढकलू नये. चपलेच्या आकाराचा, मागे टाच असलेला ठोकळा प्लायच्या तुकड्यातून दहा मिनिटांत होतो, तो पट्टीला वरून दाबतो आणि मागून ढकलतोही. असे चार करून ठेवा, एक हरवला म्हणून काम अडू नये आणि काम अडले म्हणून हात पुढे जाऊ नये. कंगव्यासारखे दात काढलेली दाबफळी वापरायची तर ती ब्लेडच्या अलीकडे लावावी; ब्लेडच्या बाजूला लावली तर तीच खाच मिटवील. आडवे तुकडे कापताना आडवी गाइड (टेबलाच्या खोबणीतून फळीसोबत सरकणारी) आणि उभी गाइडपट्टी एकत्र वापरायची नाही, कारण सुटलेला तुकडा दोघांत अडकतो; एकसारख्या मापासाठी गाइडपट्टीला ब्लेडच्या बराच अलीकडे एक ठोकळा आवळा आणि माप त्यावर घ्या.

हातमोजे या यंत्रावर घालू नयेत. मनगटातला दोरा, गळ्यातली साखळी आणि सुटी बाही यांचे तेच. चष्मा मात्र हवाच.

तुमच्या भागात वीज जाते-येते, असे तुम्ही ओघात लिहिले आहे. ब्लेड फळीत असताना वीज गेली, मुलाने बटण बंद न करता फळी सोडली, आणि दहा मिनिटांनी वीज आली, तर ब्लेड अडकलेल्या फळीसकट आपोआप सुरू होते. यावरचा उपाय तुमच्या गावातल्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे: विहिरीच्या मोटारीला असतो तसा, मोटारीच्या क्षमतेला साजेसा डीओएल स्टार्टर. त्यातल्या नो-व्होल्ट कॉइलमुळे वीज गेली की तो सुटतो आणि हिरवे बटण पुन्हा दाबेपर्यंत यंत्र सुरू होत नाही. लाल बटण मांडीने दाबता येईल अशा जागी आणि उंचीला बसवायला इलेक्ट्रिशियनला सांगा, कारण हात रिकामे नसतात त्याच वेळी ते लागते. विहिरीच्या मोटारीला कित्येक जण जोडतात तसा आपोआप सुरू करणारा डबा मात्र इथे चुकूनही नको.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिता की बारीक कामाला जुना ‘उलटा कटर’ अजून वापरता, म्हणजे प्लायच्या टेबलाखाली उलटा बसवलेला, फरशी कापायचा मार्बल कटर. त्याच्यासाठी माझ्याकडे सुधारणा नाही. त्याला पाते बसत नाही, झाकण बसत नाही, बटण खाली अडकवून ठेवलेले असते, आणि तो मिनिटाला १०,००० हून जास्त फेरे घेतो. तो टेबलावरून सोडवा.

राहिले वडील. तुम्हाला वाटते की त्यांना काहीतरी नवीन पटवायचे आहे, आणि पुस्तक किंवा मोबाइलवरची चित्रफीत दाखवून ते पटेल. मला तसे वाटत नाही. ज्या फळीने हा प्रकार केला तिचा उरलेला तुकडा वर्कशॉपमध्ये असेल. तो शिकंज्यात उभा आवळा, २ इंचांवर रेघ मारा, आणि वडिलांना त्यांच्या हातकरवतीने दीड फूट उभा काप घ्यायला सांगा. आता तुमच्याइतका सरळ काप कोणाला येतो, असे म्हणालात तरी खोटे ठरणार नाही. फळी मिटू लागली, तर करवत जड होईल, आणि कोणी न सांगता त्यांचा हात आपोआप ढलपीकडे जाईल. ते ती खाचेत खोचतील आणि पुढे कापू लागतील. ४० वर्षे ते हेच करत आले आहेत. फळी मिटली नाही आणि फाकली, तर सुटलेली पट्टी किती बाहेर वाकते हे त्यांना दिसेल, आणि शेजारी गाइडपट्टी असती तर ती कुठे गेली असती, एवढे एकच वाक्य तुम्ही बोला. मग खोक्यातले पाते त्यांच्या हातात द्या. ते काय आहे हे तुम्ही सांगू नका, त्यांना ओळखू द्या.

मुलाने यंत्रावर परत यावे, पण तो म्हणेल तेव्हा. पहिले काही दिवस प्लग काढलेल्या यंत्रावरून, ब्लेड खाली उतरवून, त्याने नुसत्या फळ्या सरकवाव्यात: उभे कुठे राहायचे, ठोकळा कधी घ्यायचा, आणि पट्टी पात्याच्याही पलीकडे गेल्याशिवाय हात काढायचा नाही. तुमच्या पाहणीत हे अंगवळणी पडले की मग प्लाय, आणि सागवान सर्वांत शेवटी. ‘ही फळी मला वाकडी वाटते, मी कापणार नाही’ असे म्हणण्याची त्याला मुभा असावी, आणि ती वडिलांच्या देखत दिलेली असावी. त्याच्या आईलाही एकदा बोलावून पाते आणि झाकण बसवलेले यंत्र दाखवा. त्या काही विचारतील, न विचारतील. पण त्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा तुम्ही जे बोलू शकला नाहीत, ते बोलायला तुम्हाला निमित्त मिळेल.

पाते वडिलांनाच बसवू द्या. ब्लेडच्या रेषेत आले का ते पोलादी पट्टी लावून त्यांनीच पाहावे. गुण्या आणि डोळा दोन्ही अजून त्यांचेच चांगले असणार. तुम्ही फक्त त्याआधी भिंतीपर्यंत जाऊन प्लग काढा आणि काम होईपर्यंत तो खिशाबाहेर दिसेल असा स्वतःच्या हातात धरून उभे राहा. वायर आखूड पडली तर प्लगवर पाय देऊन.